मोबाइल पाहताना जबडा दुखतो? आधी दात तपासा

रील पाहताना किंवा गेम खेळताना मध्येच थांबा आणि बघा: वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेत का? टेकले असतील, तर दुखण्याचं कारण बहुधा तिथेच आहे. एरवी ओठ मिटलेले असले तरी दातांमध्ये थोडी फट असायला हवी. दात टेकतात ते घास चावताना आणि गिळताना. स्क्रीनमध्ये गुंतलं की नकळत दात आवळले जातात, गालाचे स्नायू आखडतात आणि कानाच्या अगदी पुढे असलेल्या सांध्यावर ताण येतो. मान पुढे झुकलेली असेल तर मानेचे आणि जबड्याचे स्नायू आणखी ताणले जातात.

उपाय साधा आहे, पण चिकाटी लागते. जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या मागे टाळूला हलकेच टेकवा आणि जबडा सैल सोडा. दर २० मिनिटांनी हे तपासा, हवं तर गजर लावा. फोन डोळ्यांच्या पातळीवर धरा, कोपराखाली उशी घ्या. हनुवटी तळहातावर टेकवून किंवा फोन कान-खांद्यात दाबून बोलणं बंदच करा.

दुखत असेल तर १०-१५ मिनिटं कोमट शेक, काही दिवस मऊ जेवण. च्युइंगगम नको. नुसता ‘कट्’ आवाज येत असेल आणि दुखत नसेल, तर घाबरू नका. मात्र तोंडात स्वतःची तीन बोटं उभी मावत नसतील, जबडा अडकत असेल किंवा दोन आठवड्यांत दुखणं थांबलं नाही, तर दंतवैद्यांना दाखवा.