डिग्री कॉम्प्युटर किंवा ईअँडटीसीची आणि रिसर्च शेतीत करायचाय, त्यांच्यासाठी

दर वर्षी मे-जून आला की ज्युनियर्सचे मेसेज सुरू होतात, ताई आम्हाला ॲग्रिकल्चरमध्ये एआय करायचंय, कुठून सुरू करू, कुठला कोर्स लावू, पायथॉन येतं, बाकी काय लागेल. प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवते. मी ईअँडटीसीची, बीई-एमई पुण्यातच, मग एका शेतीच्या प्रोजेक्टवर रिसर्च फेलो म्हणून लागले, उसात जमिनीचा ओलावा मोजणं आणि द्राक्षाच्या पानांवरचे रोग फोटोवरून ओळखणं अशी दोन कामं होती, आता त्यातच पीएचडी चालू आहे. बीएस्सी ॲग्रीवाल्यांना ह्यातलं बरंच बेसिक वाटेल, त्यांनी सरळ पैशांच्या भागावर जावं.

पहिली गोष्ट. ह्या क्षेत्रात सगळं अडतं ते मोजमापापाशी. मॉडेल काय, कुणीही दोन दिवसांत ट्रेन करून देतं, पण ज्या डेटावर ते ट्रेन केलंय तो शेतातून कसा आला, कुणी गोळा केला, कधी केला, पानावर खरंच डाऊनी (द्राक्षावरचा केवडा रोग) होता हे कुणी सांगितलं, ह्याची उत्तरं बहुतेकांकडे नसतात. म्हणून कोर्स लावायच्या आधी एक पूर्ण हंगाम एका पिकासोबत घालवा असं मी सगळ्यांना सांगते. पूर्ण म्हणजे लावणीपासून काढणीपर्यंत, मधल्या दोन फील्ड व्हिजिट नाही.

उदाहरण सांगते. प्लँटव्हिलेज हा पानांच्या फोटोंचा डेटासेट तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी वापरलेला असणार, ५४ हजारांवर फोटो, १४ पिकं, ३८ वर्ग. २०१६ साली त्यावर जो गाजलेला पेपर आला त्यात अचूकता ९९ टक्क्यांच्या वर गेली होती, आणि त्याच पेपरात हेही लिहिलंय की वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या फोटोंवर तेच मॉडेल ३१ टक्क्यांच्या आसपास आलं. पहिला आकडा प्रत्येक प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये दिसतो, दुसरा मला क्वचितच दिसलाय. ते फोटो पान तोडून एकसारख्या बॅकग्राउंडवर ठेवून काढलेत. आपल्याकडे नारायणगावच्या बागेत सकाळी गेलात तर पानावर दव असतं, कालच्या फवारणीचे पांढरे डाग असतात, मागे अजून दहा पानं, त्यात अर्ध्या पानावर सावली, आणि भुरी (पांढऱ्या पावडरीसारखा दिसणारा रोग) कुठली अन् औषधाचा डाग कुठला हे मॉडेलनं कधी बघितलेलंच नसतं. डाऊनीचं तर अजून वेगळं, वरून फक्त तेलकट पिवळट ठिपका दिसतो, पांढरी बुरशी पानाच्या खालच्या बाजूला असते, म्हणजे खालून फोटो काढलाच नाही तर सुरुवातीचा रोग हातातून जातो. हे बागायतदाराला विचारलं तर तो अर्ध्या मिनिटात सांगतो, आणि आम्ही लोक मात्र मॉडेलचे लेयर वाढवत बसतो.

अजून एक, हे फार महत्त्वाचं आहे म्हणून वेगळं लिहितेय. ट्रेन आणि टेस्ट डेटा वेगळा करताना फोटो शफल करू नका, बागा वेगळ्या करा. एकाच वेलीचे पाच फोटो ट्रेनमध्ये अन् दोन टेस्टमध्ये गेले की आकडा छान येतो पण तो खोटा असतो, मॉडेलनं वेल पाठ केलेला असतो. दुसऱ्या गावातली, जमलं तर दुसऱ्या वर्षीची बाग टेस्टला ठेवा. आकडा पडेल. पडू द्या, तोच खरा आहे आणि चांगले रिव्ह्यूअर तोच बघतात.

आता सेन्सरवाल्यांसाठी, कारण इंजिनीअरिंगची मुलं बहुतेक इथूनच शिरतात. बुधवार पेठेतल्या पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांमधून स्वस्तातला कपॅसिटिव्ह सॉइल मॉइश्चर सेन्सर आणायचा, ईएसपी३२ ह्या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाला जोडायचा, कुंडीत खुपसायचा, मोबाईलवर ग्राफ आला की प्रोजेक्ट झाला, असं होतं. कुंडीतून शेतात गेलं की खेळ बदलतो. आपल्याकडची काळी माती ओली झाली की फुगते अन् वाळली की भेगाळते, त्यातली चिकणमाती स्मेक्टाइट प्रकारची असते म्हणून. भेग सेन्सरच्या कडेनं गेली की माती आणि सेन्सरच्या मध्ये हवा येते आणि रीडिंग एकदम कोरडं दाखवतं, जमीन आत ओली असली तरी. खारवट जमिनीत उलटं, क्षारांमुळे रीडिंग वर जातं. म्हणून कंपनीनं दिलेलं कॅलिब्रेशन बाजूला ठेवायचं आणि आपल्या मातीवर स्वतः करायचं, त्याला कष्ट सोडून काही लागत नाही. सेन्सरच्या शेजारची माती काढायची, लगेच वजन, मग ओव्हनमध्ये १०५ अंशाला २४ तास, परत वजन. फरकाला कोरड्या मातीच्या वजनानं भागलं की वजनी ओलावा मिळतो, त्याला मातीच्या घनतेनं गुणलं की घनफळी. घनतेसाठी कोअर कटरनं माती काढावी लागते, अंदाजानं आकडा टाकू नका. ओली, वाफशावरची (ना चिखल ना कोरडी, मशागतीला योग्य), सुकत आलेली अशी प्रत्येक अवस्थेची सॅम्पल्स लागतात आणि माती तुमच्या सोयीनं सुकत नाही, त्यामुळे ह्यात आठवडे जातात, गाईडला हे आधीच सांगून ठेवा.

आणि सेन्सरनं शेवटी सांगायचं काय, तर शेतकऱ्याला व्हॉल्युमेट्रिक वॉटर कंटेंट (घनफळी ओलावा) २८ टक्के ह्याच्याशी घेणंदेणं नाहीये, त्याला वाफसा आहे का आणि पाणी आज द्यायचं का परवा, एवढंच हवंय. त्यातही लाईट काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री, त्यामुळे "उद्या दुपारी २ ला पाणी द्या" असा मेसेज पाठवणारं ॲप त्याच्या काही कामाचं नाही, उद्या दुपारी तीन फेज नसेलच. लाईटीचं वेळापत्रक हा तुमच्या अल्गोरिदमचा इनपुट आहे. माझ्या प्रोजेक्टमध्ये हा मुद्दा एका शेतकरी काकांनी पहिल्याच मीटिंगमध्ये मांडला आणि त्यावरून सगळं शेड्युलिंग नव्यानं लिहिलं गेलं, त्या दिवसापासून मी कुठल्याही डिझाईनच्या आधी वापरणाऱ्याशी बोलते.

सेन्सरचा डेटा लांबवर पाठवायला लोरा (कमी विजेवर चालणारा रेडिओ) वापरत असाल तर भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा बँड लायसन्सशिवाय चालतो, मॉड्यूल मागवताना ते बघून मागवा, ऑनलाइन सर्रास दुसऱ्या बँडचे मिळतात. ऊस डोक्याच्या वर गेला की रेंज खूप कमी होते, पानांत पाणी असतं ना, अँटेना उसाच्या वर काढावी लागते, आणि आडसाली ऊस दीड वर्ष उभा असतो म्हणजे खांबही तेवढा टिकणारा लागतो. बाकी उंदीर वायर कुरतडतात, मुंग्या डब्यात घर करतात, स्वस्त सेन्सरची वरची सर्किटची बाजू उघडी असते ती इपॉक्सीनं बंद करा.

सॅटेलाइटवाल्यांना एकच हिशोब सांगते. सेंटिनेल-२ चा चांगल्यातला चांगला पिक्सेल १० बाय १० मीटरचा, म्हणजे १०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ बरोबर एक गुंठा. आता वीस गुंठ्यांच्या लांबट तुकड्यात बांध, शेजाऱ्याचं पीक, विहीर, आंब्याचं झाड हे सगळं धरलं तर स्वच्छ पिक्सेल किती उरतात ते स्वतः मोजा आणि मगच एनडीव्हीआयवर (सॅटेलाइट इमेजवरून काढलेला पिकाच्या हिरवेपणाचा निर्देशांक) बोला. खरिपात ढग असतात त्यामुळे जुलै-ऑगस्टच्या इमेजेस बऱ्याचदा वायाच जातात, तिथे सेंटिनेल-१ चं रडार कामाला येतं, ते ढगातून बघतं, पण ते वाचायला शिकणं हा वेगळा अभ्यास आहे. दोन्हीचा डेटा फुकट आहे.

संख्याशास्त्राबद्दल. इंजिनीअरिंगला आपल्याला प्रयोगाची मांडणी हा विषय कुणी धड शिकवत नाही आणि ॲग्रीवाल्यांचा तो पाया असतो. रँडमाइज्ड ब्लॉक डिझाईन (सारख्या जमिनीचे गट पाडून त्यात ट्रीटमेंट चिठ्ठ्या टाकून वाटणं) काय असतं, रेप्लिकेशन (तीच ट्रीटमेंट अनेक प्लॉटवर परत करणं) कशासाठी, कडेच्या ओळी मोजणीतून का सोडतात (कडेच्या झाडांना ऊन-वारा जास्त मिळतो, ती वेगळीच वाढतात), क्रिटिकल डिफरन्स (दोन सरासरींतला फरक खरा मानायला किमान किती हवा तो आकडा) कसा वाचायचा, हे शिकल्याशिवाय कुणा ॲग्रोनॉमिस्टसमोर बसू नका. एका प्लॉटला तुमची सिस्टीम लावली, शेजारच्याला नाही लावली अन् उत्पन्न वाढलं म्हणालात तर ते पहिल्या मिनिटाला विचारतील रेप्लिकेशन किती, आणि त्यांचं बरोबर असतं, जमीन दर दहा पावलांवर बदलते. गव्हाची एखादी नवी जात बाहेर पडायच्या आधी तीन-तीन वर्षं वेगवेगळ्या ठिकाणी चाचण्या होतात, आणि आपण एका हंगामाच्या डेटावर पेपर लिहायला बसतो, तर तेवढी नम्रता पाहिजे.

पुण्यात असण्याचा फायदा काय, तर हे सगळं एका जिल्ह्यात आहे आणि लोकांना माहीतच नाहीये. शिवाजीनगरचं कृषी महाविद्यालय १९०७ पासूनचं. लॉ कॉलेजच्या बाजूला आघारकर संशोधन संस्था, १९४६ ची, गहू-सोयाबीनच्या एमएसीएस नावानं येणाऱ्या जाती तिथल्या, आणि त्यांचं प्रक्षेत्र बारामती तालुक्यात होळला. मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आणि तिकडेच वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. राजगुरुनगरला कांदा-लसणाचं संचालनालय, भीमा शक्ती, भीमा सुपर ह्या जाती तिथून आल्या. बारामतीजवळच्या माळेगावला अजैविक ताणावरची राष्ट्रीय संस्था, म्हणजे दुष्काळ, क्षार, उष्णता ह्यावर काम करणारी. कॉम्प्युटिंगच्या बाजूला सी-डॅक, ज्यांनी १९९१ मध्ये परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर केला, पाषाणला आयआयटीएम ही उष्णकटिबंधीय हवामानाची संस्था, आणि शिवाजीनगरचं हवामान खातं, ज्याचा कृषी हवामान विभाग १९३२ पासून पुण्यात आहे. हवामान खात्याचं जिल्ह्याचं कृषी सल्ला बुलेटिन मंगळवारी आणि शुक्रवारी येतं, मराठीतही येतं, ते एक हंगामभर वाचा. कुठल्या आठवड्यात कुठल्या पिकात काय चाललेलं असतं, कुठली कीड कधी येते हे सगळं त्यात असतं, मला स्वतःला पिकांचं कॅलेंडर त्यातूनच डोक्यात बसलं.

पैशांचं स्पष्ट लिहिते कारण घरचे हेच विचारतात. नेट-जेआरएफ (नेट परीक्षेतून मिळणारी ज्युनियर रिसर्च फेलोशिप) असेल तर जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार आणि वर घरभाडं भत्ता, दोन वर्षांनी एसआरएफ (सीनियर रिसर्च फेलो) झालात की ४२ हजार. नेट नसताना प्रोजेक्टवर लागलात तर रक्कम कमी असते आणि प्रोजेक्ट संपला की जागा संपते, मध्ये हप्ता उशिरा आला की काही महिने पगार अडकतो, त्यामुळे तीन-चार महिन्यांचा खर्च बाजूला ठेवूनच या. बार्टी, सारथी, महाज्योती ह्या राज्य सरकारच्या संस्थांच्या पीएचडी फेलोशिप आहेत, आपण कुठल्या गटात बसतो ते बघून जाहिरातीवर लक्ष ठेवा. आयटीतल्या मित्रांच्या पॅकेजशी तुलना केली तर त्रास होणार, घरच्यांना पहिल्या दिवशीच खरा आकडा सांगितलेला बरा. माझं मत, पीएचडीत उडी मारायच्या आधी एक वर्ष प्रोजेक्टवर काढा, उन्हातलं काम आपल्याला झेपतं का, आवडतं का ते तिथे कळतं.

मुलींसाठी वेगळं लिहितेय कारण मला हे कुणी सांगितलं नव्हतं. प्लॉटवर टॉयलेट नसतं. दिवसभर पाणी कमी पिऊन काम करणं हा उपाय नाही, त्यानं आजारी पडाल. ज्या शेतकऱ्याकडे प्लॉट आहे त्यांच्या घरातल्या काकू-वहिनींशी पहिल्याच दिवशी ओळख करून घ्या, आणि त्यांचा वेगळा फायदा असा की निंदणी, तोडणी, प्रतवारी हे सगळं बहुतेक बायकाच करतात, त्यामुळे कुठल्या ओळीत रोग आधी दिसला हे मालकापेक्षा त्यांना जास्त माहीत असतं. माझ्या डेटातल्या सगळ्यात भरवशाच्या नोंदी त्यांच्याकडून आल्यात. गाडीचं, परत यायच्या वेळेचं गाईडशी आधी स्पष्ट बोला, ह्यात संकोच करू नका.

शेतकऱ्याचा डेटा घेताय तर परवानगी घ्या, फोटो कशासाठी वापरणार ते मराठीत नीट समजावून सांगा आणि निकाल परत नेऊन द्या. माती तपासली तर रिपोर्ट द्या आणि बसून वाचून दाखवा. लोक येतात, माती नेतात, परत फिरकत नाहीत, अशी तक्रार मी गावोगाव ऐकलीये आणि त्यामुळे पुढच्या विद्यार्थ्याला कुणी बांधावर उभं करत नाही.

मेल कसा लिहायचा, तर सीव्ही जोडून "आय ॲम इंटरेस्टेड इन एआय" असं पाठवू नका, शास्त्रज्ञांना असे ढीगभर येतात. एक पीक, एक प्रश्न, आणि तुम्हाला काय करता येतं, एवढं पाच-सहा ओळींत लिहा. "द्राक्षात डाऊनीच्या इशाऱ्यासाठी पान किती वेळ ओलं राहतं ते मोजणारा सेन्सर बनवायचाय, सर्किट आणि फर्मवेअर मला येतं, बागेची आणि रोगाची माहिती नाही" असं लिहिलंत तर उत्तर येण्याची शक्यता बरीच वाढते. वेळही बघा. द्राक्षात काम करायचं तर ऑगस्टमध्येच भेटा, कारण ऑक्टोबरची फळछाटणी सुरू झाली की कुणालाच वेळ नसतो आणि तुमचे सेन्सर छाटणीच्या आधी बागेत लागलेले हवेत, नाहीतर पुढचं वर्ष. गव्हासाठी सप्टेंबर, खरिपाच्या पिकांसाठी मार्च-एप्रिल. कॉलेजचं सेमिस्टर ह्याला कधीच जुळत नाही, तर बीईच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट ह्यात करायचा असेल तर तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यातच प्लॉट ठरवून टाका.