गॅसवर घाट चढताना गाडी धक्के खायची

पेट्रोलची गाडी एलपीजीवर करून घेतली. टाकी स्टेपनीच्या जागी बसली, आरसीवर नोंद झाली, विमा कंपनीलाही कळवलं. ही कागदाची कामं कुणी टाळू नका. फोंड्यात गाडी झकास चालायची, पण केरी सोडून चोर्ला घाटाला लागली की गॅसवर धक्के खायची. पेट्रोलवर टाकली की सुतासारखी सरळ. प्लग बदलले, गॅसचा फिल्टर बदलला, फरक शून्य.

शेवटी घाटातच बॉनेट उघडलं. रिड्युसरवर, म्हणजे टाकीतल्या द्रव एलपीजीचा वायू करून इंजिनाला देणाऱ्या भागावर, पांढरा बर्फ, तोही गोव्याच्या दमट उकाड्यात! द्रव एलपीजीचा वायू होताना उष्णता शोषली जाते, आणि ती रिड्युसरला इंजिनाची उष्णता वाहून नेणाऱ्या कूलंटमधून मिळावी लागते. जपून हात लावला तर कूलंटची नळी थंडगार. रिड्युसर रेडिएटरपेक्षा उंच बसवलेला, त्यामुळे नळीत हवा अडकून कूलंट फिरतच नव्हतं.

मेकॅनिकने रिड्युसर खाली घेतला, इंजिन थंड असताना कूलंट भरलं आणि नळी सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढली. आता येणारी-जाणारी दोन्ही नळ्या सारख्याच तापतात आणि गाडी गॅसवरच घाट चढते. तुमच्याकडे हीच तक्रार असेल तर सुटे भाग बदलण्याआधी या नळ्या तपासा.