ओपीएफ कन्व्हर्ज होत नाहीये? सॉल्व्हर बदलायच्या आधी हे बघा

ओपीएफ (ऑप्टिमल पॉवर फ्लो) म्हणजे ग्रिडच्या मर्यादा पाळून सगळ्यात स्वस्त वीजनिर्मिती शोधणारं गणित, आणि कन्व्हर्ज होणं म्हणजे ते सोडवणारा प्रोग्रॅम, सॉल्व्हर, उत्तरापर्यंत पोचणं. नवीन मुलांचं बघतो ना, 'डिड नॉट कन्व्हर्ज' दिसलं रे दिसलं की मिप्स हा सॉल्व्हर सोडून आयपॉप्ट हा दुसरा, तेही नाही चाललं की इटरेशन वाढव. आधी एवढंच ठरवा, उत्तर मुळात नाहीचे की आहे पण सॉल्व्हरला सापडत नाहीये. दोन्हीचे इलाज वेगळे.

मी आधी साधा पॉवर फ्लो चालवतो (ठरलेल्या जनरेशन-लोडवर फक्त व्होल्टेज आणि लाइनमधली पॉवर काढणं). धडधाकट केस न्यूटनने चार-पाच इटरेशनमध्ये सुटते, तीही अडकली तर डेटाच बघायचा. पर युनिटचा (आकडे एका ठरलेल्या बेसच्या पटीत लिहायची पद्धत) घोळ सगळ्यात जास्त. 220 केव्हीच्या लाइनचा रिअ‍ॅक्टन्स 40 ओहम असेल तर 100 एमव्हीए बेसवर तो साधारण 0.083 होतो, कोणी तिथे 40 च भरलं तर त्या लाइनमधून जेमतेम 2.5 मेगावॅट जाणार, मग कसलं कन्व्हर्ज होतंय! लाइनचं रेटिंग 0 असेल तर मॅटपॉवर हे ओपीएफचं टूल 'लिमिटच नाही' असं समजतं, दुसऱ्या टूलमध्ये तेच खरंखुरं शून्य धरलं जाऊ शकतं, त्यामुळे डेटा इकडून तिकडे नेताना हे बघाच.

पॉवर फ्लो चालतो पण ओपीएफ अडकतो, तेव्हा संशय लिमिट्सवर. डीसी ओपीएफ (व्होल्टेज आणि रिअॅक्टिव्ह पॉवर सोडून फक्त मेगावॅट बघणारं सोपं रूप) करून बघा. तोही इनफिझिबल (सगळ्या लिमिट्स पाळणारं उत्तरच नाही) असेल तर बहुतेक मेगावॅट किंवा लाइन लिमिट्सची भानगड, तो चालला आणि एसी, म्हणजे मूळचा पूर्ण ओपीएफ, अडकला तर व्होल्टेज नाहीतर रिअ‍ॅक्टिव्ह पॉवरकडे बघा (डीसीमध्ये लॉसेस नसतात म्हणून 'बहुतेक'). मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे प्रत्येक बसवर (ग्रिडमधला जोडबिंदू) महागडं लोड शेडिंग आणि रिअ‍ॅक्टिव्ह स्लॅक (कमी-जास्त भरून काढणारा खोटा स्रोत) ठेवणं, मग केस सुटते आणि ज्या बसवर स्लॅक शून्य नाही तिथूनच शोधायला सुरुवात करायची. फक्त त्याची पेनल्टी (वापरल्यास लागणारी कॉस्ट) उगाच अवाढव्य नको, जनरेशनची कॉस्ट दहा-वीस आणि पेनल्टी कोटीत असली की स्केलिंग बिघडून सॉल्व्हर भलतीकडेच अडखळतो.

आणि हो, आयपॉप्ट 'लोकल इनफिझिबिलिटी' म्हणाला म्हणजे उत्तर नाही असं सिद्ध होत नाही, प्रॉब्लेम नॉन-कॉन्व्हेक्स आहे, म्हणजे सॉल्व्हर एका कोपऱ्यात अडकला तरी उत्तर दुसरीकडे असू शकतं. एसओसीपी रिलॅक्सेशनच (अटी सैल करून केलेलं कॉन्व्हेक्स रूप, ज्यात मूळची सगळी उत्तरं येतातच) इनफिझिबल निघालं तर मात्र विषय संपला. नाहीतर लोड 60 टक्क्यांवर आणून सोडवा, ते उत्तर पुढच्या रनला स्टार्ट म्हणून द्या आणि हळूहळू लोड वाढवत न्या, जिथे अडेल तिथे कोणत्या लिमिटचा मल्टिप्लायर (ती लिमिट कॉस्टला किती नडतेय ते सांगणारा आकडा) एकदम फुगलाय ते तपासा.