कुत्र्यासह राज्यभर भटकंती : निघण्यापूर्वीची तयारी

कुत्र्याला सोबत नेता येईल अशा पायवाटा आणि डॉग पार्क (कुत्र्यांना मोकळे सोडता येईल अशी कुंपणाची जागा) राज्यभरात शोधायचे असतील, तर यादीतील प्रत्येक जागेपुढे पहिली नोंद ती कोणाच्या ताब्यात आहे याची करावी. महापालिकेची बाग, राज्याच्या अखत्यारीतील उद्यान, वनखात्याचे जंगल, राष्ट्रीय उद्यान आणि खासगी जमीन या सर्वांचे नियम वेगवेगळे असतात आणि एखादी लांब पायवाट यांपैकी दोन-तीन हद्दींमधून जाऊ शकते. त्यामुळे सुरुवातीच्या फाटकापाशी कुत्र्याला मुभा असली, तरी पुढे ऐन मध्यावर मनाईचा फलक उभा असू शकतो. राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्ये याबाबतीत सहसा सर्वांत कडक असतात आणि ते योग्यच आहे, कारण कुत्र्याच्या नुसत्या वासानेही वन्यप्राणी बिथरतात आणि डिस्टेंपरसारखे रोग कुत्र्यांमधून त्यांच्यात पसरू शकतात.

‘कुत्र्यांना प्रवेश’ एवढ्याच शब्दांवर विसंबू नये. प्रवेश पायवाटेवर आहे की केवळ वाहनतळ आणि सहलीच्या मैदानापुरता आहे, पट्टा किती लांबीचा चालतो (अनेक ठिकाणी सुमारे 6 फूट ही मर्यादा असते आणि आपोआप लांबणारा पट्टा चालत नाही), पक्ष्यांच्या विणीच्या काळात वाट बंद असते का, हे संबंधित कार्यालयात दूरध्वनी करून विचारावे. जुनी माहिती वर्षानुवर्षे तशीच फिरत राहते, म्हणून प्रत्येक नोंदीपुढे ती कधी पडताळली ती तारीख लिहावी. जंगलात नेटवर्क मिळेलच असे नाही; नकाशा, नियम आणि वाटेतल्या सर्वांत जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा पत्ता आधीच फोनमध्ये उतरवून ठेवावा.

डॉग पार्क निवडताना, शक्य असेल तर, पहिली फेरी कुत्र्याला न नेता मारावी. कुंपणाखाली उकरलेली जागा आहे का, लहान चणीच्या कुत्र्यांसाठी वेगळा भाग आहे का, सावली आणि पाणी आहे का, हे पाहावे. त्याहीपेक्षा तिथली माणसे आपापल्या कुत्र्यावर लक्ष ठेवतात की फोनमध्ये गुंग असतात, हे पाहावे. माझ्या मते पार्कचा खरा दर्जा यावरूनच ठरतो. चांगल्या पार्कला लागोपाठ दोन दरवाजे असतात. बाहेरचा दरवाजा नीट लावून, मधल्या चौकोनात पट्टा सोडून मगच आतला दरवाजा उघडायचा असतो. आतली कुत्री त्या दाराशी घोळका करून उभी असतील, तर ती पांगेपर्यंत थांबावे, कारण भांडणे बहुधा दाराशीच जुंपतात. माजावर आलेल्या मादीला अशा ठिकाणी नेऊच नये.

पिल्लाचे लसीकरण साधारण 16 आठवड्यांच्या वयापर्यंत चालते आणि ते पूर्ण होण्याआधी त्याला सार्वजनिक पार्कमध्ये सोडणे धोक्याचे आहे, कारण पार्व्हो या पोटाच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू मातीत अनेक महिने तग धरतो. मोठ्या कुत्र्याच्या रेबीजच्या लसीचे प्रमाणपत्र सोबत असावे. साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो, तेव्हा डबकी असलेल्या वाटांवर जाणार असाल तर त्या लसीविषयीही डॉक्टरांना विचारावे. ओळख पटवण्यासाठी कातडीखाली मायक्रोचिप बसवली असेल, तर तिच्या नोंदीतील दूरध्वनी क्रमांक सध्याचाच आहे याची खात्री करावी. हाक मारताच कुत्रा परत येतो की नाही, हे मात्र घराच्या अंगणात ठरत नाही. इतर कुत्री आणि अनोळखी वास आजूबाजूला असतानाही तो येत असेल, तरच त्याला मोकळे सोडण्याचा विचार करावा.

कुत्र्याचे शरीर मुख्यतः धापा टाकूनच थंड होते, म्हणून उन्हाच्या दिवसांत पहाटेची वेळ धरावी आणि पग किंवा बुलडॉगसारख्या आखूड नाकाच्या कुत्र्यांसाठी सावलीची, लहानशीच वाट निवडावी. तळहाताची मागची बाजू 7 सेकंद जमिनीवर टेकवता आली नाही, तर ती जमीन पंजांनाही भाजणारच. धाप थांबत नाही, लाळ चिकट झाली आहे, हिरड्या लालभडक दिसतात किंवा पाय लटपटतात, असे दिसताच चालणे थांबवून अंगावर गार पाणी ओतायला लागावे आणि मग दवाखाना गाठावा.

पिशवीत भरपूर पाणी, घडीचे भांडे, विष्ठेच्या पिशव्या, जादा पट्टा, बँडेज आणि बारीक टोकाचा चिमटा असावा. चिमटा लागतो तो परतल्यावर. कानांच्या आत, गळपट्ट्याखाली, जांघेत आणि बोटांच्या बेचक्यांत बोटे फिरवून गोचीड शोधावी. सापडल्यास कातडीच्या अगदी लगत पकडून, न पिळता, सरळ वर ओढून काढावी. त्यानंतरच्या दिवसांत कुत्रा मलूल झाला, लंगडू लागला किंवा त्याने खाणे सोडले, तर गोचीड कोणत्या तारखेला आणि कोणत्या वाटेवरून आल्यावर निघाली, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.