जुन्या वाड्याची कुंडली कशी काढायची

वाड्याचा इतिहास काढायला बसलात की पहिल्याच दिवशी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा, डावीकडे मालक आणि उजवीकडे वापर, कारण ह्या दोन गोष्टी लोक कायम एकत्र करतात आणि मग सगळा घोळ होतो.

पुण्याचा विश्रामबागवाडाच बघा ना. दुसऱ्या बाजीरावाने 1807 मध्ये बांधला, खर्च दोन लाख, आणि राहायला मिळाली जेमतेम 11 वर्षं. 1818 ला पेशवाई गेली, डावीकडे इंग्रज सरकार आलं, पण उजवीकडे काय लिहाल? 1821 ला तिथे संस्कृत पाठशाळा निघाली, जिचं पुढे डेक्कन कॉलेज झालं! मग 1879 ची आग, पूर्वेकडचा भाग जळाला, नंतर नगरपालिकेची ऑफिसं, पोस्ट. म्हणजे 'पेशव्यांचा वाडा' म्हणतो खरं, पण पेशवे राहिले त्याच्या कित्येक पट वर्षं तिथे फायलीच राहिल्या :)

आता तुमच्या वाड्याचं. आधी सिटी सर्व्हे नंबर, म्हणजे सरकारी नकाशातला तुमच्या जागेचा क्रमांक, मिळवा, घरपट्टीच्या पावतीवर नसेल तर शेजाऱ्याचा नंबर घेऊन नकाशात शोधा. मग नगर भूमापन ऑफिसातून प्रॉपर्टी कार्ड काढा, त्यात फेरफाराच्या, म्हणजे मालकी-हक्क बदलल्याच्या, नोंदी असतात, वारस, खरेदीखत, गहाण, तारखांसकट. जुना चौकशी उतारा (सिटी सर्व्हेच्या वेळी मालकीची चौकशी झाली त्याची नोंद) पण मागा, तो आपणहून कोणी देत नाही. अलीकडच्या खरेदी-विक्रीसाठी इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताचा सारांश. बास, डावी बाजू बरीचशी भरली.

उजवी बाजू मात्र कागदात सापडत नाही, ती भिंतींत असते. दर्शनी ओटा फोडून शटर लावलंय का, एका जिन्याखाली किती वीजमीटर आहेत, दिवाणखान्यात मध्येच प्लायवूडचं पार्टिशन का आहे. भाडेकरूंच्या जुन्या भाडेपावत्या तर सोनं, त्यावर नाव, महिना, खोली सगळं असतं. आमच्या आजोळच्या वाड्यात माजघराच्या फरशीत चार भोकं होती, आम्ही लहानपणी त्यात गोट्या खेळायचो, नंतर कळलं की तिथे पिठाची गिरणी बसवलेली, ते बोल्ट.

1885 चं पुणे जिल्ह्याचं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, चाळा, मोठा वाडा असेल तर उल्लेख सापडू शकतो. पेशवे दफ्तरात, म्हणजे पेशवेकालीन कागदांच्या पुण्यातल्या संग्रहात, जायचं असेल तर मोडी लिपी वाचणारा माणूस आधी गाठा, नाहीतर रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) सोडून नुसतं बघत बसाल.