नानांचा मोबाइल हलका कसा करावा

धुळ्यात देवपूरला माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. सहा बाय नऊ फुटांचं, त्यात एक हॉट एअर गन, एक भिंग आणि काउंटरवर कायम दोन-तीन पोट फाडलेले फोन. दुकान टाकलं तेव्हा लोक कीपॅड बदलायला यायचे, मग डिस्प्ले फुटायला लागले. आता रोजची तक्रार एकच, "भाऊ, मोबाइल हँग व्हई ऱ्हायना."

असा फोन आला की मी आधी गॅलरी उघडतो. गुलाबाच्या गुड मॉर्निंगा, एका पक्षाच्या नेत्याची टिंगल, लगेच दुसऱ्या पक्षाच्या नेत्याची टिंगल, कुठल्या तरी मुलखातला स्फोट, खांबाला बांधून कुणाला तरी मारतायत त्याचा व्हिडिओ, आणि त्याला खेटून नातीचा पहिला वाढदिवस. फोन घेऊन येणारे बहुतेक वेळा मुलगा किंवा सून. हळूच म्हणतात, "यांना जरा समजवा ना, दिवसभर हेच चालतं."

समजावणं मला जमत नाही, पण फोन हलका करता येतो. तो कसा करायचा ते माझ्या सख्ख्या काकांच्या, म्हणजे नानांच्या फोनवरून सांगतो. नाना एसटीत कंडक्टर होते, साक्री-पिंपळनेरच्या बाजूला बरीच वर्षं ड्यूटी. आता वय बहात्तर, फोन चार जीबी रॅमचा, ग्रुप एकोणीस.

सुरुवात वादाने करू नका. "नाना, हे सगळं खोटं असतं" म्हटलं की नाना छाती काढून बसतात. "नाना, स्टोरेज भरलंय, नातीचे फोटो यायचे बंद होतील" म्हटलं की मुकाट्याने फोन हातात देतात. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' आणि त्यात 'मॅनेज स्टोरेज' उघडा. तिथे वरच्या बाजूला दोन ढीग वेगळे काढलेले दिसतात. एक पाच एमबीपेक्षा मोठ्या फाइलींचा आणि दुसरा 'फॉरवर्डेड मेनी टाइम्स' या नावाचा. हा दुसरा ढीग म्हणजे गावभर फिरून आलेला माल. नानांना शेजारी बसवून तो उघडा, त्यांना नजर टाकू द्या, मग सगळं निवडून पुसा. शेजारी बसवायचंच. पाठीमागे पुसलं तर ते तुमच्यावर संशय घेतील आणि पुढच्या वेळी फोन द्यायचे नाहीत. घरच्यांचे फोटो सहसा या ढिगात नसतात, कारण ते इतके फिरत नाहीत. तरी एकदा बघून घ्या. मी घाईत एका आजींचं आधार कार्ड उडवलं होतं.

मागे 'स्टोरेज अँड डेटा'च्या पानावर आलं की पुढे 'मीडिया ऑटो-डाउनलोड' आहे. मोबाइल डेटा, वायफाय आणि रोमिंग अशा तिन्ही ठिकाणच्या खुणा काढून टाका. आता व्हिडिओ आपोआप उतरत नाही. आधी धूसर चौकोन दिसतो आणि बघायचाच असेल तर त्यावर बोट ठेवावं लागतं. एवढ्या एका टिचकीने फार फरक पडतो. अर्धे चौकोन नाना उघडतच नाहीत, कारण काकूंनी हाक मारलेली असते किंवा चहा आलेला असतो. अँड्रॉइडवर 'चॅट्स'मध्ये 'मीडिया व्हिजिबिलिटी' म्हणून बटण आहे, तेही बंद करा. मग जे उतरेल ते व्हॉट्सॲपातच राहतं, गॅलरीत वाढदिवसाशेजारी येऊन बसत नाही. नातवंडं आजोबांच्या फोनवर कार्टून बघत असतील तर हे आधी करा, बाकीचं नंतर.

ग्रुपचं नाजूक असतं. भाऊबंदांच्या ग्रुपमधून बाहेर पडणं म्हणजे लग्नाच्या पंगतीतून उठून जाण्यासारखं. म्हणून आवाज 'ऑलवेज' म्यूट करा आणि ग्रुप अर्काइव्हमध्ये टाका. नवा मेसेज आला तरी तो तिथेच पडून राहतो, वर उसळून येत नाही. खरंच बाहेर पडायचं असेल तर २०२२ पासून त्याची दवंडी पिटली जात नाही, फक्त अॅडमिनला कळतं. मात्र ग्रुपच्या माहितीत गेल्या ६० दिवसांत कोण गेलं त्याची यादी दिसते आणि आमच्या आत्या ती बघतात. प्रायव्हसीत 'ग्रुप्स' म्हणून सेटिंग आहे, तिथे 'माय कॉन्टॅक्ट्स' ठेवा. निवडणुकीच्या दिवसांत कुठल्याही वॉर्डाचा कुठलाही कार्यकर्ता उचलून ग्रुपात टाकतो, ते थांबतं.

फोन स्वतःहून "ब्रेकिंग! मोठा हल्ला!" असं ओरडत असेल तर तो व्हॉट्सॲपचा दोष नव्हे. कुठल्या तरी साइटने विचारलेलं असतं आणि नानांनी 'अलाउ' दाबलेलं असतं. क्रोमच्या सेटिंगमध्ये 'नोटिफिकेशन्स' उघडून अनोळखी साइट्स बंद करा. दोन मिनिटांचं काम आहे.

आता खरं-खोटं कसं ओळखायचं ते. मेसेजवर दुहेरी बाण असेल तर तो पाच किंवा जास्त हातांतून आलेला असतो. असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पुढे पाठवता येतो, हा नियम एप्रिल २०२० पासून आहे. पण बाण नाही म्हणजे मेसेज खरा, असं धरू नका. व्हिडिओ उतरवून नव्याने चढवला की बाण गळून पडतो, आणि ही युक्ती कळलेले दोन काका आमच्याच ग्रुपमध्ये आहेत.

व्हिडिओ तपासायला मी तो तीन ठिकाणी थांबवतो, सुरुवातीला, मधे आणि शेवटी. तिन्हींचे स्क्रीनशॉट काढून गुगल लेन्सवर टाकतो, म्हणजे तेच चित्र आधी नेटवर कुठे आलंय का ते कळतं. तेवढ्या वेळात डोळ्यांनी दुकानांच्या पाट्यांची लिपी, गाड्यांच्या नंबरप्लेटी, पोलिसांच्या गणवेशाचा रंग आणि गाड्या रस्त्याच्या कुठल्या बाजूने चालल्यात ते बघतो. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत माझ्याकडे विमान पाडल्याचा व्हिडिओ घेऊन चार जण आले. तो 'आर्मा ३' या व्हिडिओ गेममधला होता. माझ्या मुलाने लांबूनच सांगितलं, "पप्पा, हा गेम आहे," तेव्हा मीच ओशाळलो. बैरुतच्या बंदरात ४ ऑगस्ट २०२० रोजी झालेला स्फोट तर इतक्या युद्धांत वापरला गेलाय की आता तो ढग मी ओळखीच्या माणसासारखा ओळखतो. ऑपरेशन सिंदूरच्याच दिवसांत 'डान्स ऑफ द हिलरी' नावाचा व्हायरस फोन उडवतो, असाही मेसेज फिरला आणि लोक कामधंदा सोडून फोन तपासायला आले. मी पैसे घेतले नाहीत, पण घ्यायला हवे होते असं अजून वाटतं.

हसतो खरा, पण आमच्या घरातही काही कमी नाही. नोटाबंदीनंतर नाना दोन हजारची कोरी नोट घेऊन आले. "तुझ्या भिंगाखाली धर, यात चिप आहे म्हणतात." धरली. हिरव्याचा निळा होणारा सुरक्षा धागा दिसला, चिप काही सापडली नाही. नाना म्हणाले, "एवढ्याशा भिंगात दिसणार कशी?" २०२० च्या जूनमध्ये चिनी मालावर बहिष्काराचा जोर होता, तेव्हा ते चिनी ॲप शोधून काढणारं ॲप टाकायला आले. फोन चिनी कंपनीचा. ॲपने यादी दाखवली, पण फोनसोबतच आलेली ॲपं त्याला काढता येत नव्हती. नाना यादीकडे बघत राहिले, मग म्हणाले, "कव्हर तरी भारतीय टाक."

देशभक्तीच्या मेसेजांवर वाद घालायची एक पद्धत मला सापडली आहे. "तू कुठल्या बाजूचा?" हा प्रश्न येण्याआधीच त्यांच्या बाजूला जाऊन बसायचं. सैन्याच्या गाड्या चालल्याचा व्हिडिओ नाना ग्रुपवर टाकत होते. मी म्हणालो, "नाना, लष्कराच्या हालचाली थेट दाखवू नका असं २६ एप्रिल २०२५ रोजी सरकारनेच चॅनेलवाल्यांना कळवलंय. २६/११ ला काय झालं ते आठवून. मग आपण कशाला दाखवायच्या?" व्हिडिओ पाच मिनिटांत काढला. खोटं म्हटलं असतं तर संध्याकाळपर्यंत भांडलो असतो. तसंच, नानांचा ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्याकडूनच खंडन आणावं. बूम किंवा ऑल्ट न्यूज या खोट्या बातम्या तपासणाऱ्या साइटींची लिंक दिली तर नाना आधी त्यांचीच चौकशी लावतात. पीआयबी फॅक्ट चेक केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाचं, म्हणजे सरकारी, म्हणून ते चालतं. त्यांचं काम केंद्र सरकारशी संबंधित दाव्यांपुरतं आहे, तेव्हा जिथे ते उपयोगी पडत नाही तिथे बूम लागतंच.

हे सगळं ग्रुपवर कधीच बोलायचं नाही. चारचौघांत चूक दाखवली की माणूस तीच चूक जन्मभर सांभाळतो. एकट्याला फोन करा.

मारहाणीचे व्हिडिओ मात्र मी हसण्यावारी नेत नाही. १ जुलै २०१८, रविवार, साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडे बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी एसटीतून उतरले. मुलं पळवणारी टोळी फिरते अशा मेसेजांनी आमचा सगळा भाग तापलेला होता. एका लहान मुलीशी बोलल्याचं निमित्त झालं. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून पाचही जणांना ठेचून मारलं. त्याच रात्री मालेगावात अशाच संशयावरून जमावाने घेरलेल्या लोकांना पोलिसांनी कसंबसं सोडवलं, त्यात दोन वर्षांचं मूल होतं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात मेसेज पुढे पाठवण्यावर पाच चॅटची मर्यादा जाहीर केली.

त्या दिवसांत देशभर जो व्हिडिओ फिरत होता, मोटरसायकलवरून येऊन मूल उचलून नेणाऱ्या दोघांचा, तो कराचीतल्या एका संस्थेने मुलं जपा हे सांगायला बनवला होता. शेवटी ते दोघं मूल परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. तो शेवट कुणीतरी कापला. कापलेला व्हिडिओ माझ्याकडेही होता. तेव्हा मेमरी कार्डात गाणी भरून द्यायचा धंदा जवळजवळ संपला होता, पण दोन-तीन जुनी गिऱ्हाइकं यायची. मी त्यांना गाण्यांसोबत तो फुकट दिला, सावध राहा म्हणून. ते कार्ड पुढे कुणाच्या फोनमध्ये गेलं, मला माहीत नाही.

म्हणून असा व्हिडिओ आला तर निषेध म्हणूनही पुढे पाठवू नका. पुसा. आपल्या गावातलं, आत्ताचं काही वाटत असेल तर ११२ ला फोन करा आणि ग्रुपवर लिहायचं तर "पोलिसांना कळवलंय" एवढंच लिहा. अॅडमिन असाल तर ग्रुपच्या सेटिंगमध्ये मेसेज फक्त अॅडमिनच टाकू शकतील असं करून काही तास ग्रुपला कुलूप लावा. दुसऱ्याचा मेसेज अॅडमिनला सगळ्यांसाठी पुसताही येतो. दुसऱ्याने काही आक्षेपार्ह टाकलं तर निव्वळ अॅडमिन म्हणून तुमच्यावर गुन्हा ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये म्हटलंय. गोंदियाकडचं प्रकरण होतं. हे सांगितल्यावर आमचे अॅडमिन जरा धीट झाले. आधी नुसते हात जोडल्याच्या इमोजी टाकायचे.

राईनपाड्याबद्दल मी नानांशी वाद घातला नाही. एकदा दुकानात बसले असताना नुसतं विचारलं, "नाना, तुमच्या गाडीत डवरी गोसावी बसायचे?"

"बसायचे की. झोळी मांडीवर, सुट्टे पैसे मोजून द्यायचे. कधी एखाद्याकडे कमी पडायचे, मग मीच घालायचो."

"त्यांच्यापैकी कुणी कुणाचं पोर उचललं?"

नाना काही बोलले नाहीत. बाहेर गेले, तंबाखू मळली, परत आले. त्या दिवशी त्यांनी एकोणीसपैकी चार ग्रुप स्वतः अर्काइव्हमध्ये टाकले. कसे टाकायचे ते मी दाखवलं, बोट त्यांचं होतं.

सगळं मिळून एका फोनला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. मी पन्नास रुपये घेतो. दर दोन महिन्यांनी ढीग पुन्हा साचतो, तेव्हा माणसालाच शिकवून ठेवलेलं बरं, माझा धंदा गेला तरी चालेल. नानांकडून पैसे घेत नाही, ते चहा पाजतात. मागच्या मंगळवारी चहा येईपर्यंत ते गॅलरी खालीवर करत होते. "ते सगळं गेलं ते जाऊ दे," म्हणाले, "पण त्यात मारुतीच्या मूर्तीच्या डोळ्यांतून पाणी येतं असा एक होता. तो तुला कुठे सापडतो का बघ."