जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह जीपचे डिझेल इंजिन बदलण्यापूर्वी

इंदूरमध्ये जुनी महिंद्रा जीप रोजच्या कामाला वापरणाऱ्या मंडळींपैकी बहुतेकांच्या मनात कधी ना कधी इंजिन बदलण्याचा विचार येतो, आणि त्यातले बरेचजण पहिली चूक अशी करतात की चांगले इंजिन दिसले म्हणून ते आधी घरी आणून ठेवतात. माझे स्पष्ट मत असे आहे की या संपूर्ण कामात इंजिन ही सर्वांत शेवटी विकत घ्यायची वस्तू आहे. कोणते इंजिन घ्यायचे, हे आरसी बुक, मागचा ॲक्सल आणि चेसिसमधली जागा या तीन गोष्टी ठरवतात.

सुरुवात कागदपत्रांपासून करावी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. म्हणून नायता मुंडल्याच्या आरटीओ कार्यालयात लेखी अर्ज करून, नियोजित इंजिनचा तपशील देऊन, आधी लेखी मंजुरी घ्यावी. मंजूर झालेला बदल केल्यावर १४ दिवसांच्या आत त्याची नोंद करून घ्यावी लागते. मंजुरी मिळाली नाही, तर आहे तेच इंजिन पूर्ण उघडून बांधून घेणे हाच योग्य मार्ग आहे. पंधरा वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणाच्या वेळी इंजिन क्रमांक प्रत्यक्ष पाहिला जातो आणि अपघातानंतर विमा कंपनीही तोच पाहते, त्यामुळे ‘नंतर बघू’ हे धोरण येथे चालत नाही.

यानंतर ॲक्सलचे गुणोत्तर, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला इंजिनाकडून येणारा शाफ्ट किती फेरे घेतो ते, मोजावे, कारण पुढचे सगळे गणित त्यावर उभे आहे. जीप सपाट जागी उभी करून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण लावावी, मागचे एकच चाक जॅकने उचलून स्टँडवर घ्यावे, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा आणि हँडब्रेक सोडावा. जुन्या जीपमध्ये हँडब्रेक बरेचदा चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारा गिअरचा डबा) मागे प्रोपेलर शाफ्टवरच (तिथून ॲक्सलपर्यंत जाणारा फिरता दांडा) असतो, त्यामुळे तो लागलेला असेल तर शाफ्ट हलणारच नाही. उचललेल्या चाकावर आणि शाफ्टवर खडूने खूण करून चाक बरोबर दोन पूर्ण फेरे फिरवावे. दुसरे चाक जमिनीवर स्थिर असल्यामुळे चाकाचे दोन फेरे म्हणजे क्राउनचा (ॲक्सलमधल्या मोठ्या दातेरी चक्राचा) एक फेरा होतो, आणि तेवढ्यात शाफ्ट जितके फेरे घेईल तेच आपले गुणोत्तर.

समजा खूण पाच फेरे पूर्ण करून सहाव्या फेऱ्यात एक तृतीयांशाच्या थोडी पुढे थांबली, म्हणजे गुणोत्तर ५.३८ निघाले. सहा-सोळा मापाच्या टायरचा परीघ साधारण २.२ मीटर धरला, तर ताशी ८० किलोमीटरला चाक मिनिटाला सुमारे ६०६ फेरे घेते आणि टॉप गिअर थेट, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट एकाच वेगाने फिरवणारा, असेल तर इंजिन जवळजवळ ३,२६० फेऱ्यांवर फिरते. महिंद्राच्या एमएम ५४० जीपमध्ये येणाऱ्या २,११२ सीसीच्या प्यूजो इंजिनाची कमाल शक्ती ४,५०० फेऱ्यांवर मिळत असे, त्यामुळे त्याला हा वेग जड नव्हता. परंतु २,५२३ सीसीच्या महिंद्रा डीआय इंजिनाची कमाल शक्ती ३,२०० फेऱ्यांवरच येते. म्हणजे देवासच्या रस्त्यावर ऐंशीच्या वेगात ते सतत आपल्या मर्यादेवर ओरडत राहील. यावर उपाय दोन: ओव्हरड्राइव्ह (शाफ्टला इंजिनापेक्षा जास्त वेगाने फिरवणारा गिअर) असलेला पाच गिअरचा बॉक्स, किंवा पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही ॲक्सलचे क्राउन-पिनियन (दातेरी चक्रांची जोडी) एकाच गुणोत्तराने बदलणे. फक्त मागचे बदलले, तर फोर-व्हील लावताच पुढची-मागची चाके एकमेकांशी भांडतील आणि ट्रान्सफर केस मोडेल.

जागा मोजताना इंजिनाच्या लांबी-रुंदीपेक्षा ऑइल चेंबरकडे (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्याकडे) अधिक लक्ष द्यावे. पुढचा ॲक्सल आणि रबरी बंपस्टॉप (ॲक्सल चेसिसला आपटू नये म्हणून असलेला ठोकळा) यांमध्ये जितके अंतर आहे, त्याहून किमान एक इंच जास्त अंतर चेंबर आणि ॲक्सल यांमध्ये राहिले पाहिजे. नाहीतर पहिल्याच मोठ्या खड्ड्यात डिफरन्शियलचा गोळा चेंबर फोडतो.

इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या ॲडॉप्टर प्लेटबाबत मी कोणाचीही भीड धरू नये असे सांगेन. माझ्या जीपची प्लेट एका लेथवाल्याने नजरेच्या अंदाजाने बनवली होती. ती बोल्टला तंतोतंत बसली, पण केसभर मध्यापासून सरकलेली होती. तीन महिन्यांत क्लच दाबताच किंचाळल्यासारखा आवाज येऊ लागला, आणि बॉक्स उतरवल्यावर क्रँकच्या टोकातले पायलट बेअरिंग हातात तुकड्यांनी आले. म्हणून फ्लायव्हीलला डायल गेज (सूक्ष्म फरक दाखवणारे काट्याचे मापक) लावून, क्रँक हाताने फिरवत, बेल हाउसिंगच्या (क्लचवरच्या घंटेसारख्या आवरणाच्या) भोकाची मध्यता आपल्या डोळ्यांसमोर तपासून घ्यावी. काटा पूर्ण फेऱ्यात ०.१५ मिलीमीटरपेक्षा अधिक हलत असेल, तर प्लेट परत करावी.

रेडिएटर इंजिनच्या मानाने मोठा घ्यावा आणि पंख्याभोवती श्राउड (हवा रेडिएटरमधूनच खेचली जावी म्हणूनचे आवरण) अवश्य लावावे, कारण मे महिन्यात भेरू घाट चढताना त्यांची खरी परीक्षा होते. ब्रेक बूस्टर असेल तर त्याला लागणारा व्हॅक्यूम पंप नव्या इंजिनवर आहे का, ते पाहावे. इंजिन जड असेल तर पुढच्या पाट्यांत एक पान वाढवावे.

एवढे सगळे कागदावर उतरले की मग इंजिन पाहायला जावे, तेही सकाळी, म्हणजे ते थंड असताना. चालू इंजिनावर तेलाचे झाकण उघडून पाहावे. धुराचा जोरदार लोट आला तर पिस्टनच्या रिंग गेलेल्या आहेत. शक्यतो इंजिन, क्लच, गिअरबॉक्स, सेल्फ आणि वायरिंग एकाच गाडीतून घ्यावे. ज्या गाडीतून ते काढले तिच्या आरसीची प्रत आणि पक्के बिल मिळाल्याशिवाय, तसेच ब्लॉकवरील क्रमांक त्या आरसीशी अंकागणिक जुळल्याशिवाय पैसे देऊ नयेत. जुने इंजिन मात्र नवे सर्व साहित्य गॅरेजमध्ये येईपर्यंत जागचे हलवू नये, कारण रोज कामावर जाण्यासाठी जीप तोवर चालती हवी.